घोड्यावांचून पागा

समुद्रकांठीं जाऊन आलेल्या मंडळींच्या घरीं दोन-चार शिंपले, एखादा शंख आणि पिशवीच्या तळाशीं मूठभर वाळू एवढी संपत्ति हटकून सांपडते. आम्ही मागल्या मार्गशीर्षांत मालवणाहून परत आलों तेव्हां याखेरीज आणखी एक वस्तु बरोबर आली होती. ती म्हणजे एका वृद्ध तांडेलानें आमच्या पुतणीला विचारलेला प्रश्न. त्याचें उत्तर शोधण्यांत आमच्या घराचे आठ महिने गेले, ओसरीचा एक कोपरा कायमचा अडला, आणि वहिनींशीं दोन वेळां चांगला वादहि झाला. एवढें होऊन जें उत्तर हातीं आलें तें आम्हीं योजलेलें नव्हतें. म्हणूनच ती हकीकत वाचकांस सांगावीशी वाटते.

आरंभ एका चित्रापासून झाला. आमची पुतणी शरयू अकरा वर्षांची. तिच्या एका पुस्तकांत समुद्रघोड्याचें रंगीत चित्र होतें. घोड्याचें तोंड, माकडाचें शेंपूट आणि कांगारूसारखी पोटाला पिशवी असें तें ध्यान पाहिल्यापासून 'आपण कांचेच्या पेटींत समुद्रघोडा पाळूं' हा एकच ध्यास तिनें घेतला. पूर्वीं अशी हौस भागवावयाची तर मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय होतें. १९५१ सालीं तें उघडलें, आणि पुढें तीन पिढ्यांनीं आपलीं मुलें तेथें नेलीं. परंतु करोनाच्या सांथींत त्याचे दरवाजे बंद झाले व नंतर इमारतच धोक्याची ठरली. तेव्हां आमचे थोरले बंधू म्हणाले, "आधीं घोडा राहतो कोठें तें पाहूं, पाळण्याचें मग." आणि नाताळच्या सुटीपूर्वींच आम्ही लहानथोर सात माणसें पुण्याहून निघालों.

कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, आणि मग कसालवरून उजवीकडे वळलें कीं मालवणची वाट. घाट उतरतांच हवा जड होते, माती तांबडी होते, आणि घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या दिसूं लागतात. शेवटच्या चढावरून माडांच्या शेंड्यांपलीकडे निळी रेघ दिसली, तेव्हां आजींनीं गाडींतूनच हात जोडले. त्यांचें माहेर कोंकणांतलें.

त्या दिवशीं पौर्णिमा होती. ओहोटी केव्हां असेल हें आम्ही मोबाइलवर शोधूं लागलों, तोंच आजींनीं हिशोब सांगितला. "तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ निघते. आज पंधरा; पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे सव्वापांचाच्या सुमारास ओहोटी." चंद्र रोज सुमारें पाऊण तासानें उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्या मागोमाग चालतो, त्यावरून जुन्या लोकांनीं बांधलेला हा ठोकताळा. मोबाइलवरील कोष्टकाशीं ताडून पाहिला तों फारसें अंतर पडलें नाहीं. शरयूच्या मनांत आजींविषयीं एकदम आदर वाढला.

सायंकाळीं रॉक गार्डनच्या बाजूस आम्ही खडपांवर उतरलों. पाणी मागें हटलें होतें, आणि काळ्या खडकांतल्या खळग्यांत तें स्वच्छ व स्थिर राहिलें होतें. समुद्रांतलें शेवाळ म्हणजे पाय घसरण्याचें एक कारण, एवढीच आमची आजवरची समजूत. येथें पाहतों तों एक संपूर्ण बाग! उल्वाचे कांद्याच्या पातीसारखे हिरवे, सालीइतके पातळ पापुद्रे. पॅडिनाचे पांढुरक्या वलयांचे लहान लहान पंखे. तपकिरी सरगॅसमचीं झुडपें, आणि त्यांना मिरीच्या दाण्याएवढ्या हवेच्या गोळ्या, ज्यांच्या योगानें तीं पाण्यांत ताठ उभीं राहतात. आणि दूर्वेप्रमाणें खडकासरशी धांवत जाऊन जागोजाग पिसासारखीं पानें वर काढणारी कौलेर्पा. या कौलेर्पाची मौज अशी कीं, ती केवढीहि पसरली तरी सबंध वनस्पति म्हणजे एकच पेशी असते. त्या झुडपांच्या बुडाशीं डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळंबीच्या जातीचे जीव उड्या मारीत होते. समुद्रघोड्याचा चारा तो हाच, हें आम्हांस पुढें कळलें.

शरयूनें एक डहाळी घेण्यासाठीं हात घातला, तोंच बंधूंनीं तिला थांबविलें. मालवणासमोरचा समुद्र हें सागरी अभयारण्य आहे. १३ एप्रिल १९८७ रोजीं तें जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या भोंवतालचें पाणी हा त्याचा गाभा आहे. ज्यांचें पोट मासेमारीवर आहे त्यांचे या व्यवस्थेविषयीं आक्षेप आहेत आणि ते समजण्याजोगे आहेत; परंतु पाहुण्यानें येऊन डहाळी खिशांत घालणें हें त्या वादाच्या कोणत्याच बाजूला बसत नाहीं. शरयूनें हात मागें घेतला खरा, पण तोंड फुगवून.

दुसऱ्या दिवशीं होडीनें किल्ल्यांत गेलों. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं या किल्ल्याचा पाया घातला गेला आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा येथें चुन्यांत जपून ठेवला आहे. आजी त्यापुढें बराच वेळ उभ्या होत्या. आम्हांस मात्र त्या दिवशीं सर्वांत नवल वाटलें तें दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचें. तटाबाहेर लिटरामागें पस्तीस ग्रॅम मीठ असलेलें पाणी, आणि तटाच्या आंत पिण्याजोगें गोड पाणी. पावसाचें पाणी खडकांत मुरून खाऱ्या पाण्याशीं आपली हद्द राखून असतें. मिठाचा हा हिशोब पुढें आपल्याच ओसरींत आपणांस रोज करावा लागणार आहे, याची तेव्हां कल्पना नव्हती.

तिसऱ्या दिवशीं पहांटे तारकर्लीच्या पुढें, देवबागेच्या बाजूस, रापण ओढतात ती पाहावयास गेलों. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें प्रचंड जाळें. होडी जाळें सोडीत समुद्रांत अर्धवर्तुळ घालते, आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा तें हळूहळू किनाऱ्याला आणतात. कित्येक कुटुंबांचा हा सामाईक धंदा. आलेल्या मासळीचे सर्वांत वांटे पडतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास तें पाहून आपल्या घरची पंगत आठवावी. आम्हींहि दोराला हात लावला, व अर्ध्या घटकेंत तळहात सोलून घेऊन बाजूला झालों.

जाळें वाळूवर आलें. पेडवे, तारल्या, थोडे बांगडे, दोन-चार खेंकडे. त्या चंदेरी तडफडीच्या कडेला शेवाळाच्या एका तुटक्या झुबक्याला शेंपटीचा वेढा घालून राहिलेली, बोटाएवढी पिंवळसर काळपट आकृति प्रथम शरयूलाच दिसली. "घोडा!" ती ओरडली. एक वृद्ध तांडेल पुढें आले. त्यांनीं पडलेली एक करवंटी समुद्राच्या पाण्यानें भरली, झुबक्यासकट तो जीव तींत सोडला आणि शरयूपुढें धरला. आम्ही सगळे त्या करवंटीभोंवतीं वांकलों. त्याच्या पाठीवरचा इवलासा पर इतक्या वेगानें थरथरत होता कीं तो दिसण्यापेक्षां भासतच होता. त्याचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणें फिरत. एक आमच्याकडे होता आणि एक समुद्राकडे.

"आजोबा, मी याला घरीं नेऊं? मी याला कांचेच्या पेटींत ठेवीन," शरयू म्हणाली.

"घराक व्हरून काय करतलस, बाय?" तांडेल हंसून म्हणाले, "तेका खावक काय घालतलस?"

शरयूला उत्तर आलें नाहीं. आम्हांसहि आलें नाहीं. क्षणभर वाट पाहून तांडेल गुडघाभर पाण्यांत गेले, त्यांनीं करवंटी पाण्याखालीं नेऊन हलकेच तिरपी केली, आणि तो झुबका व घोडा दोन्ही दिसेनासे झाले. "पाण्यातलो पाण्यातच बरो," एवढें बोलून ते परत वांटे पाडावयास बसले.

तांडेलांनीं जें सहजपणें केलें तेंच कायदाहि सांगतो. २००१ सालीं भारत सरकारनें समुद्रघोड्यांचें सबंध कुळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घातलें, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला बसविलें. तेव्हांपासून त्यांना पकडणें, बाळगणें वा विकणें हा गुन्हा आहे. तोंपर्यंत आपल्या देशांतून, विशेषतः तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून, वाळविलेले समुद्रघोडे चिनी औषधांसाठीं परदेशीं जात. पुढें २००४ सालापासून या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानेंहि निर्बंध आले. परंतु खरें संकट हौशी माणसापेक्षां जाळ्याचें आहे. तळ खरवडीत जाणाऱ्या यांत्रिक जाळ्यांत जगभर दरवर्षीं कोट्यवधि समुद्रघोडे सांपडतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मागील दशकांत संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें जो सागरी जैवविविधतेचा प्रकल्प झाला, त्यांत लहान जीव निसटून जावे म्हणून जाळ्याच्या टोकाला चौकोनी आंसाचा भाग लावण्यावर भर होता. ओढ बसली कीं नेहमींचा आंस मिटतो. चौकोनी उघडा राहतो. एवढ्याशा फरकावर कित्येक जिवांचें जगणें अवलंबून आहे!

घरीं आल्यावर घोडा आणावयाचा नाहीं हें ठरलेंच होतें. पण प्रश्न राहिला होता. बंधू म्हणाले, "त्या गृहस्थांनीं विचारलें त्याचें उत्तर दिल्यावांचून सोडूं नये. आपण पागा बांधूं. घोड्याला काय काय लागतें तें बांधतां बांधतां कळेल." अशा रीतीनें पौष महिन्यांत आमच्या ओसरींत समुद्राची स्थापना झाली.

पेटी ८० सेंटीमीटर लांब, ५० रुंद आणि ६० उंच अशी करविली. रुंदीपेक्षां उंची अधिक, कारण समुद्रघोडा उभा पोहतो, आणि नरमादीची जोडी जुळते त्या वेळीं दोघें एकमेकांना बिलगून पाण्यांत वर वर चढतात. तेवढी जागा त्यांना लागते. मादी आपलीं अंडीं नराच्या पिशवींत ठेवते, तोच तीं वाढवितो, आणि तीन-चार आठवड्यांनीं काहीं शेंकडा पिलांना तोच जन्म देतो. हें ऐकून वहिनी म्हणाल्या, "एवढी एक गोष्ट तरी देवानें न्यायानें केली!"

पेटींत पन्नास सेंटीमीटरपर्यंत पाणी भरलें कीं तें २०० लिटर होतें, आणि त्याला मीठ लागतें सात किलो. हें मीठ स्वयंपाकघरांतलें नव्हे. समुद्राच्या पाण्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार ठराविक प्रमाणांत असतात. त्यासाठीं मुद्दाम तयार केलेलें मिश्रण मिळतें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं काढावें लागतें. खारेपणा पाहण्यासाठीं हायड्रोमीटर. त्याचा कांटा १.०२५ च्या आसपास असावा. पहिल्याच पंधरवड्यांत आम्हीं मोठी चूक केली. पाणी आटून खालीं गेलें, तें आम्हीं खारें पाणी घालून भरून काढलें. पण आटतें तें फक्त पाणी. मीठ मागेंच राहतें. चार वेळां अशी भर घातल्यावर कांटा पाहतों तों पुष्कळ वर गेलेला. आटलेल्या पाण्याच्या जागीं नेहमीं गोडेंच पाणी घालावयाचें असतें. सिंधुदुर्गाच्या विहिरी आठवून शरयूनें त्या गोड्या पाण्याच्या बाटलीवर 'साखरबाव' अशी चिठ्ठी लाविली.

तळाला वाळू घातली. खडक म्हणून पोवळ्यांचा खडक वापरण्याची परदेशी चाल आहे. परंतु आपल्याकडे प्रवाळांनाहि कायद्याचें संरक्षण आहे, म्हणून भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे घेतले. आणि मग सहा आठवडे नुसतें थांबावयाचें! जिवांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो, आणि तो जलचरांना विषासारखा. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करतात, आणि तें वनस्पति खाऊन टाकतात. हे जंतु वाळूंत व खडकांत वस्तीला येईपर्यंत पेटींत कोणालाहि सोडणें म्हणजे नव्या घरांत चुलीला धुराडें नसतांना पाहुणे बोलावणें होय. शरयू रोज नळींत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकी आणि रंग वहींत उतरून ठेवी. शाळेंतल्या कोणत्याहि विषयाची तिची वही इतकी नीटनेटकी नव्हती.

वनस्पतींसाठीं मालवणला हात लावावयाचा नव्हता. मुंबईंतील एका हौशी गृहस्थांच्या पेटींत कौलेर्पा वाढलेली होती. तिची ओंजळभर कापणी त्यांनीं दिली. दहा तास दिवा, मंद प्रवाह, आणि महिन्याभरांत ती सबंध तळावर धांवली. तिच्या मुळांतून आलेले ते उड्या मारणारे जीवहि आपोआप वाढले. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला, कारण समुद्रघोडा पोहण्यांत दुबळा असतो व त्याचें शेंपूट आंत ओढलें जाण्याचें भय असतें. तो दिवसभर कशाला तरी शेंपटीनें धरून उभा राहतो, म्हणून नायलॉनच्या दोराचे तुकडे वजनाला बांधून वाळूंत उभे केले. शरयूनें त्यांचें नांव ठेवलें 'खुंटे'. पागा तयार झाली.

चैत्रांत एके सकाळीं ओसरींत आलों तों पेटींतलें पाणी हिरवट दुधासारखें झालेलें, आणि कौलेर्पाचीं पानें पांढरी फटक पडून विरघळत असलेलीं. ही वनस्पति कधीं कधीं आपलें सर्व जीवन बीजरूपानें एकाच वेळीं पाण्यांत सोडून देते व स्वतः मरते. दाट वाढूं दिली, वेळच्या वेळीं छाटली नाहीं, म्हणजे हें विशेषच घडतें. प्राणवायु एकदम कमी होतो. आम्हीं धांवाधांव करून अर्धें पाणी बदललें. शरयू कांचेला नाक लावून उभी होती. बराच वेळानें ती म्हणाली, "काका, आज घोडा आंत असता तर?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं; तें तिलाहि ठाऊक होतें.

राहिलेल्या एका कोपऱ्यांतून कौलेर्पा पुन्हां वाढली. तेव्हांपासून ती दर पंधरवड्यास छाटतों, आणि छाटलेलें गटारांत वा नदींत न टाकतां उन्हांत कडक वाळवून मगच कचऱ्यांत घालतों. १९८४ सालीं मोनाकोच्या सागरी वस्तुसंग्रहालयाच्या पायथ्याशीं, मत्स्यालयांतून निसटलेल्या कौलेर्पाचा लहानसा तुकडा समुद्रांत उगवलेला दिसला होता. पुढें तिनें भूमध्य समुद्राचा केवढा तरी तळ व्यापला. हौसेच्या पेटीचेंहि असें देणें जगाला लागतें.

आणि आतां तांडेलांचा प्रश्न. समुद्रघोड्याला दांत नाहींत, आणि पोटांत जठरहि नाहीं. नळीसारख्या तोंडानें तो भक्ष्य ओढून घेतो, आणि तें शरीरांतून झपाट्यानें पुढें जातें; म्हणून त्याला दिवसांतून दोन-तीन वेळां तरी, रोज, न चुकतां खाऊं घालावें लागतें. अन्न म्हणजे बारीक कोळंबी. तीहि शक्य तों जिवंत, नाहींतर बर्फांत गोठविलेली. चपळ मासे बरोबर असले तर त्यांच्यापुढें हा उपाशी राहतो. गोठविलेल्या कोळंबीची पुडी ठेवावयाची कोठें? "माझ्या फ्रिजमध्यें, नैवेद्याच्या दुधाशेजारीं?" वहिनींनीं विचारलें. हा पहिला वाद. मग आर्टेमिया नांवाच्या सूक्ष्म कोळंबीचीं वाळलेलीं अंडीं डब्यांत मिळतात, तीं बाटलीभर खाऱ्या पाण्यांत घालून पाहिलीं. दीड दिवसांत त्यांतून केशरी ठिपक्यांसारखीं पिलें निघतात. पण तीं रोज काढावयाचीं, रोज गाळावयाचीं, आणि मोठ्या घोड्याचें त्यावर भागत नाहीं. गोव्यास दोना पावला येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत पिंवळा समुद्रघोडा बंदिस्त पाण्यांत वाढविण्याचे प्रयोग झाले आहेत. तें संशोधकांचें काम. सबंध प्रयोगशाळा त्यासाठीं राबते. आमच्या घरीं गणपतींत सगळे गांवीं जातात तेव्हां पागेवर कोण राहणार, यावर दुसरा वाद झाला. वैशाखांत बाहेर ३९ अंश उष्णता असतांना पेटींतलें पाणी २७ च्या खालीं ठेवण्यासाठीं पंखे लावून ठेवले होते, तेव्हां दोन तास वीज गेली. सगळ्यांनीं पाळीपाळीनें पुठ्ठ्यानें वारा घातला. आजी म्हणाल्या, "ज्याला उपाशी ठेवावें लागेल असा पाहुणा आणूं नये."

याच सुमारास एका दुकानांत मिठाचें मिश्रण आणावयास गेलों असतां दुकानदारानें आवाज खालीं करून विचारलें, "पेटी कशासाठीं करतां? घोड्यांसाठीं असेल, तर जोडी आणून देतों. कागद वगैरे कांहीं लागत नाहीं." आणि मोबाइलवर चित्र दाखविलें. दोन पिंवळे घोडे, एका प्लॅस्टिकच्या पिशवींत, एकमेकांच्या शेंपटीला शेंपूट गुंडाळून. खरें सांगावयाचें तर आम्ही मोहांत पडलों. पागा तयार, पाणी निर्मळ, सहा महिन्यांची मेहनत, आणि शेजारीं उभी शरयू, जिनें या दिवसासाठीं वह्या भरल्या होत्या. तिनें तें चित्र बराच वेळ पाहिलें. मग आमचा हात धरून ती हळूच म्हणाली, "काका, यांना कोणीतरी करवंटींतून परत सोडायला हवें होतें ना?" आम्ही मिठाची पिशवी तेथेंच ठेवून बाहेर पडलों. वनखात्यास कळविण्याचें काम त्याच सायंकाळीं बंधूंनीं केलें.

त्या रात्रीं आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. कांचेच्या पेटींत वनस्पति व जलचर परस्परांच्या आधारानें राहूं शकतात हें रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं लंडनमध्यें दाखवून दिलें. १८५३ सालीं तेथील प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि त्यांत फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा मोठा हात होता. त्याचें पुस्तक पुढल्या वर्षीं निघालें. घरोघर समुद्राच्या पेट्या मांडण्याचें वेड इंग्लंडांत पसरलें, आणि माणसें बादल्या व हातोड्या घेऊन किनाऱ्यावर लोटलीं. गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं लिहिलेल्या आठवणींत, बापाबरोबर लहानपणीं पाहिलेलीं तीं भरलेलीं खडकांतलीं तळीं कशीं ओसाड झालीं, आणि त्याला आपण कारण झालों याचें बापाला किती दुःख झालें, तें सांगितलें आहे. गॉसनें समुद्रावर प्रेम केलें यांत शंका नाहीं. मालवणच्या खडपांवर शरयूनें हात घातला तोहि प्रेमानेंच. परंतु प्रेमानें घातलेले हजारों हात एका किनाऱ्याला पुरून उरतात.

आज आमच्या ओसरींतल्या पेटींत कौलेर्पा आहे, तिच्या बुडाशीं उड्या मारणारे जीव आहेत, आणि उबवणकेंद्रांत जन्मलेले, समुद्र कधींच न पाहिलेले दोन केशरी-पांढरे विदूषक मासे आहेत. ते कोरडे दाणे खातात, त्यामुळें फ्रिजची शुचिता अबाधित आहे. नायलॉनचे खुंटे मात्र शरयूनें काढूं दिले नाहींत. ते रिकामेच मंद हलत असतात. घरीं आलेली मंडळी विचारतात, "घोडे कोठें आहेत?" ती सांगते, "देवबागेला." आणि मग पाहुण्यांना खारेपणाचा कांटा, अमोनियाची नळी, वैशाखांतले पुठ्ठे, सगळें ऐकावें लागतें.

तांडेलांना द्यावयाचें उत्तर तिनें वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलें आहे. त्यांत घोड्याला काय काय लागतें त्याची यादी आहे. यादी पान उलटून पुढें गेली आहे. तिच्याखालीं लिहिलें आहे: 'आजोबा, हें सगळें आम्हांला रोज जमणार नाहीं. तुम्ही सोडलात तें बरें केलेंत.'

येत्या मार्गशीर्षांत तें पान घेऊन पुन्हां मालवणास जावयाचें ठरलें आहे. पौर्णिमा कोणत्या दिवशीं येते तें पाहण्यासाठीं आजींनीं पंचांग काढून ठेवलें आहे.